चोविसाव्या उंदरापर्यंत

आईने माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुमनच्या, गोळ्या बंद केल्या तो सोमवार होता. मला ते गुरुवारी सकाळी साडेअकराला फोनवर कळलं. सरांना त्यानंतर पाच मिनिटांनी. दुपारी बाराला आम्ही दोघं सरांच्या गाडीत बसून माझ्या गावाकडे निघालो.

सर या मार्गशीर्षात गेले. त्यांच्याबद्दल लिहायला बसले की मी त्या गुरुवारापाशीच येऊन थांबते, म्हणून सुरुवात तिथूनच केली. बाकीचं आठवेल तसं लिहिते.

नगर जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या एका फार्मसी कॉलेजात ते औषधशास्त्र शिकवायचे. मी एम.फार्म.ला त्यांच्याकडे होते. फिट येऊ नये म्हणून डोंगरातली माणसं ज्या झाडपाल्याचा काढा देतात, त्यात खरंच काही आहे का, हे ते उंदरांवर तपासायचे. पाला सावलीत वाळवायचा, भरडायचा, अल्कोहोलमध्ये त्याचा अर्क काढायचा आणि तो आटवायचा. शेवटी काकवीसारखं काळपट, चिकट काहीतरी हाती यायचं. ते डिंकाच्या पाण्यात कालवून उंदराच्या पोटात द्यायचं आणि तासाभराने त्याला फिट आणणारं इंजेक्शन द्यायचं. मग अर्धा तास समोर बसून पाहायचं. पहिला झटका किती सेकंदांनी आला, पुढे पूर्ण फिट आली की नाही. वाचायला सोपं आहे. बसायला सोपं नव्हतं. उंदीर आधी कान मागे घेतो, मग थबकतो. ते थबकणं मी घरी पाहिलेलं होतं.

सरांच्या गळ्यात दोन स्टॉपवॉच असायची, एक चालवायला आणि दुसरं पहिल्यावर लक्ष ठेवायला. प्राणीघरात येताना चपला बाहेर काढायचे आणि आम्हालाही काढायला लावायचे. डोक्याला वासाचं तेल चालायचं नाही. एकदा मी गजरा माळून आले, तर त्यांनी मला दिवसभर ग्रंथालयात बसवलं. उंदरांना ते मंडळी म्हणायचे. पिंजऱ्यांची देखभाल करणारे बबनमामा त्यावर म्हणायचे, "सर, तुमी मंडळी कुठंयत म्हनून इचारलं की मला वाटतं आमच्या घरची डबा घिऊन आली." सर हसायचे नाहीत. "मंडळींचं पाणी बदललं का," एवढंच पुन्हा विचारायचे.

प्राणीघरात कुणी "बिचारा" म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. एका मुलाच्या तोंडून तो शब्द निघाला, तेव्हा त्यांनी त्याला उभं केलं. "हा उंदीर आज कशासाठी मरणार आहे, एका वाक्यात सांगा." त्याला सांगता आलं नाही. "मग तुम्ही बाहेर थांबा. सांगता येईल तेव्हा या." तो तीन दिवसांनी आला, वाक्य पाठ करून. सरांनी ऐकलं आणि म्हणाले, "आता बिचारा म्हणा. आता चालेल."

आम्ही तपासत होतो त्या वनस्पतीचं नाव ते उच्चारत नसत. बाटलीवर सात असा आकडा होता आणि बोलण्यातही सातनंबर. नाव कळलं की लोक उकळून पितात, असं त्यांचं म्हणणं. एकदा तालुक्याचा एक बातमीदार आला. गावठी औषधावर मोठं संशोधन चालू आहे, असं त्याने ऐकलं होतं. "सर, मिरगीवर रामबाण सापडला असं लिहू का?" सरांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "लिहा. एक प्राध्यापक बत्तीस उंदरांना त्रास देतो आहे आणि त्याला अजून काही कळलेलं नाही." बातमीदाराने चहा अर्धा सोडला.

नाव मला माहीत होतं. पाला राजूरच्या बाजारातून मीच आणला होता.

प्रयोगाला बसण्यापूर्वी सर प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रश्न विचारायचे. "घरात कुणाला फिट येतात?" उत्तर हो असेल, तर त्या विद्यार्थ्याने अर्क काढावा, वजनं करावीत, हिशेब मांडावेत, पण स्टॉपवॉच हातात घ्यायचं नाही. कारण विचारलं तर म्हणायचे, "अंगठा आपला असतो, पण आपलं ऐकत नाही." मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. सुमनला आठव्या वर्षापासून फिट येत होत्या. मी फार्मसीला आले ती तिच्यामुळे. स्टॉपवॉच दुसऱ्याच्या हातात द्यायची माझी तयारी नव्हती.

दुसरा नियमही होता. कुठल्या उंदराला काय द्यायचं, ते सर एकटे ठरवायचे. शेजारच्या खोलीत तेच पाजायचे आणि नुसता नंबर घातलेला उंदीर माझ्यासमोर आणून ठेवायचे. कुणाला अर्क, कुणाला बाजारातलं नेहमीचं औषध, कुणाला नुसतं डिंकाचं पाणी, याची यादी पाकिटात बंद करून त्यांच्या कपाटात. माझी निरीक्षणं माझ्या वहीत. ते माझी वही पाहायचे नाहीत, मी त्यांचं पाकीट पाहायचं नाही. बत्तिसावा उंदीर झाला की पाकीट आणि वही एका टेबलावर यायची. त्याआधी पाकीट उघडलं तर सगळा प्रयोग रद्द, आणि गेलेले उंदीर फुकट गेले.

पण मला दिसत होतं. अर्क पाजून नळी बाहेर काढताना एखादा थेंब ओघळतो. पांढऱ्या उंदराच्या ओठाच्या कोपऱ्यात तपकिरी डाग राहतो. तिसऱ्या-चौथ्या उंदरालाच ते माझ्या लक्षात आलं. मी सरांना सांगितलं नाही, वहीत त्या नंबरापुढे बारीक टिंब मात्र करत गेले. डाग असलेला उंदीर समोर आला की मी जरा पुढे वाकून बसायचे. त्याचं अंग शहारलं, तर हा झटका की त्याने नुसतीच मान खाजवली, असा प्रश्न मला पडायचा आणि त्या प्रश्नात काही सेकंद जायचे. स्वच्छ तोंडाच्या उंदरांबाबत तो प्रश्न पडत नसे. हे मी आज लिहू शकते. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं.

चोवीस उंदीर झाले तेव्हा डाग असलेले बारा होते. त्यातल्या नऊ उंदरांना माझ्या वहीप्रमाणे फिट उशिरा आली होती किंवा आलीच नव्हती. मी दिवाळीला घरी गेले. चुलीपाशी बसून आईला झाडाचं नाव सांगितलं. मी म्हणाले, "आई, उंदरांना लागू पडतंय." ते वाक्य बोलताना मला किती बरं वाटलं होतं, तेही आठवतं.

गुरुवारी आईचा फोन आला तो आनंदाचा होता. राहात्याचं एक स्थळ रविवारी सुमनला पाहायला येणार होतं. गोळ्यांनी तिला सारखी झोप यायची. पाहुण्यांसमोर पेंगली तर काय, आणि फडताळातल्या गोळ्या कुणी पाहिल्या तर काय, म्हणून आईने सोमवारपासून काढा सुरू केला होता आणि गोळ्या बंद. "चार दिस झालं, काय सुदिक न्हाई. तुझं शिकल्यालं कामाला आलं बघ," आई म्हणाली.

मी फोन ठेवला. सर दारात उभे होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी गळ्यातलं एक स्टॉपवॉच काढलं आणि टेबलावर ठेवलं. दुसरं तसंच राहिलं. मग कपाट उघडून पाकीट घेतलं.

"तुमची वही घ्या," ते म्हणाले.

सर गाडी चाळीसच्या वर नेत नसत. त्या दिवशी ती सत्तरला होती आणि ते दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून पुढे झुकून बसले होते. मी आईला परत फोन लावत होते, पण आमच्या गावात वाऱ्यावर रेंज येते आणि जाते. लोणीच्या पुढे ते पहिल्यांदा बोलले.

"घरात कुणाला नाही म्हणाला होतात."

"हो सर."

त्यांनी पुढचा एक ट्रक मागे टाकला. मग सर म्हणाले, "यादी माझ्याकडे होती. कुठल्या उंदराला काय दिलं, ते तुम्हाला कसं कळलं?"

"तोंडाला डाग असतो सर. अर्काचा."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. "हं," एवढंच म्हणाले. 

संगमनेरला सुमनच्या डॉक्टरांकडे थांबलो. चार दिवस गोळ्या बंद आहेत म्हटल्यावर डॉक्टर उभेच राहिले. किती गोळी कशी पुन्हा सुरू करायची ते त्यांनी लिहून दिलं, गोळ्यांची पट्टी दिली आणि नाकात मारायचा एक फवारा दिला. "फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर हा मारायचा आणि तसंच उचलून दवाखान्यात." सरांनी ते दोनदा विचारून घेतलं, विद्यार्थ्यासारखं. अकोले गाव मागे पडलं की रस्ता वळणांचा होतो. भाताची सोंगणी चालू होती. प्रत्येक वळणाला मला वाटत होतं की आत्तापर्यंत झालं असेल.

घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. सुमन पडवीत मशीनवर ब्लाउज शिवत होती. मला पाहून हसली. "ताई, चार दिवस डोकं कसलं हलकं हाय. सुई पहिल्या झटक्यात ओवती." सर तिच्याकडे पाहत दारातच उभे राहिले. आई चहाचं आधण ठेवायला उठली.

"सर, बसा की. लांबनं आला."

"ताई, आधी गोळी द्या हिला. चहा मग घेतो."

"गोळी कशाला आता? रविवारी मानसं यायचीत." आई माझ्याकडे वळली. "तूच म्हनलीस ना, लागू पडतंय म्हनून?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि मशीनचा आवाज थांबला. सुमन थबकली होती. कापडावरचा हात तसाच होता आणि डोळे दाराच्या वर कुठेतरी लागले होते. मग ती खुर्चीवरून कलली. मी तिला धरेपर्यंत सरांच्या अंगठ्याने स्टॉपवॉच दाबलेलं होतं.

वीस वर्षं ते हे पाहत आले होते, पण पिंजऱ्यात. माणसाला फिट आलेली त्यांनी जवळून पाहिली नव्हती, हे त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं. सुमनला आम्ही कुशीवर वळवलं, मशीन बाजूला सारलं, डोक्याखाली गोधडी दिली. आई कांदा आणायला धावली. सर म्हणाले, "नको ताई. काही लावू नका, तोंडात काही घालू नका." फवाऱ्याचं टोपण काढून तो त्यांनी माझ्या हातात दिला. आणि ते मिनिटं सांगू लागले. दोन. तीन. आवाज प्रयोगशाळेतलाच होता. चार. माझा अंगठा फवाऱ्यावर होता. साडेचार म्हणाले आणि सुमनचं अंग सैल पडलं. श्वास घरघरत सुरू झाला. सरांनी घड्याळ थांबवलं आणि जमिनीवर बसले.

सुमनला झोप लागली. आईने पदराने डोळे पुसले. 

"गोळ्या घेत हुती तवाबी यायचीच की. मागल्या म्हयन्यात दोनदा आली. मंग गोळ्या सोडल्यानंच आली कशावरनं?"

सरांनी ठाम सांगितलं असतं तर काम झालं असतं. गोळ्या थांबवल्या म्हणूनच आली, एवढंच म्हणायचं होतं. समोर मुलगी झोपलेली होती आणि आई घाबरलेली होती. मी त्यांच्याकडे त्याच अपेक्षेने पाहत होते.

"बरोबर आहे तुमचं, ताई," सर म्हणाले. "एका फिटीवरून काही ठरत नाही. गोळ्या एकदम सोडणं धोक्याचं, एवढं मात्र नक्की."

"डाक्टरबी तेच म्हनत्यात. पर ह्या थोरलीनं सोताच्या डोळ्यांनी बघितलंय."

सर उठले. गाडीतून पाकीट घेऊन आले. मला वाटलं ते आईला नुसतं दाखवतील. "सर, अजून आठ उंदीर राहिलेत," मी म्हणाले. त्यांनी पाकीट फाडलं. सहा महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. सातनंबरचा शोधनिबंध हा त्यांचा शेवटचा ठरणार होता. तो प्रयोगच त्यांनी आमच्या पडवीत, आईसमोर मोडला.

"ताई, मूठभर तांदूळ द्या."

आईने सूप पुढे सरकवलं. सरांनी माझी वही उघडायला लावली. "तोंडाला डाग होता आणि फिट उशिरा आली, असे नंबर वाचा." मी एकेक वाचत गेले. प्रत्येक नंबराला त्यांनी यादीत पाहिलं आणि सुपात तांदळाचा एक दाणा ठेवला, कधी उजवीकडे, कधी डावीकडे. नऊ झाले. उजवीकडे पाच आणि डावीकडे चार.

"हे पाच उंदीर. यांना त्या झाडाचा अर्क दिला होता."

"आन ही चार?"

"त्यांना साखर जाळून रंगवलेलं पाणी दिलं होतं. दिसायला अर्कासारखं. मी हे नेहमी करतो."

मला हे माहीत नव्हतं. एकाही विद्यार्थ्याला ते माहीत नव्हतं. डागाचे बारा उंदीर म्हणजे अर्काचे सहा आणि साखरेचे सहा. साखरेच्या सहांतल्या चौघांना मी वाचवलं होतं.

आईने बोटाने ते चार दाणे वेगळे केले. "साखरंच्या पान्यानं वाचली म्हनून लिवलंय हिनं?"

"हो."

"खोटं लिवलं?"

सरांनी माझी वही मिटली. "नाही. हिला तसं दिसलं."

आईने सूप बाजूला सारलं. मग झोपलेल्या सुमनच्या कपाळावरचे केस मागे सारत म्हणाली, "मंग मलाबी चार दिस तसंच दिसलं आसंल."

 सरांनी गोळ्यांची पट्टी तिच्यापुढे ठेवली. सुमन जागी झाली तेव्हा दिवेलागण होत होती. तिला काय झालं ते सांगावं लागलं नाही, जीभ चावलेली होती. आई गोळी पुढे करणार तेवढ्यात सर म्हणाले, "आधी तिला विचारा." आईला ते विचित्र वाटलं. सुमन म्हणाली, "मला आजवर कुनी इचारलं न्हाई." मग म्हणाली, "झोप लई येती वो सर." सरांनी मान हलवली. "डॉक्टरांना सांगू. गोळी बदलता येते. पण बदलेपर्यंत हीच घ्यायची." तिने हात पुढे केला.

सर रात्री एकटेच परत गेले. चहा राहिलाच.

पुढच्या आठवड्यात त्यांनी कॉलेजच्या समितीला अहवाल दिला. त्यात लिहिलं होतं की उंदरांच्या तोंडाचे डाग पुसण्याची काळजी प्राध्यापकाने घेतली नाही, त्यामुळे निरीक्षकाला गट ओळखता येत होते; सबब अभ्यास रद्द. माझ्या खोटं बोलण्याचा त्यात उल्लेख नव्हता. मी जाऊन म्हणाले, "सर, माझी चूक आहे." ते म्हणाले, "मी डोळ्यांसमोर रंग ठेवला आणि तो तुम्हाला दिसणार नाही असं धरून चाललो. वीस वर्षं. ती कुणाची चूक?" मी पुन्हा परवानगी काढून नव्याने करू म्हणाले. "अजून बत्तीस मंडळी? एक वाक्य सांगा." मला सांगता आलं नाही. माझं वाक्य सुमनसाठीचं होतं आणि म्हणूनच ते माझ्या तोंडी चालणार नव्हतं.

उरलेल्या आठ उंदरांचं पाणी ते निवृत्तीपर्यंत स्वतः बदलत होते. बबनमामा म्हणायचे, "सर आता ह्यांना पेन्शन लावत्यात." मी दुसऱ्या विषयावर प्रबंध लिहिला, ज्यात प्राणी नव्हते. राहात्याचे लोक आले, त्यांना आईने सगळं सांगितलं, ते पुन्हा आले नाहीत. डॉक्टरांनी गोळी बदलली. सर महिन्यातून एकदा फोन करायचे. मी उचलला की म्हणायचे, "गोळ्या?" मी म्हणायचे, "चालू आहेत सर." मग ते फोन ठेवायचे. कार्तिकातला फोन आला नाही. मार्गशीर्षात बबनमामांचा आला.

आज मी त्याच प्रकारच्या एका कॉलेजात शिकवते. सुमन राजूरच्या बाजारपेठेत शिवणकाम करते. वर्षाकाठी तिला दोन-तीन फिट येतात. त्या झाडात काही आहे की नाही, ते कुणालाच माहीत नाही.